एक सूत म्हणजे शंभर मैल

फ्रँकफर्ट ते मुंबई बेचाळीस सूत भरलं. अंबादास पिंपळापुऱ्यांनी पितळेचा कंपास नकाशावरून उचलला, पोलादी पट्टीवर पुन्हा एकदा टेकवून खात्री केली आणि श्रीरंगच्या शाळेतल्या जुन्या ॲटलसच्या समासात बारीक पेन्सिलीने आकडा लिहिला.

"एक इंच म्हणजे आठशे मैल, असं खाली छापून आहे," ते सुनेला म्हणाले. "इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत म्हणजे शंभर मैल. झाले बेचाळीसशे. विमान ताशी साडेपाचशे मैल चालते. साडेसात तास आणि वर काही मिनिटं. मधात दोन ठिकाणी उतरते, त्याचे दोन धर. साडेनऊ."

अंजनी कणकेचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "साडेनऊच?"

"साडेनऊ."

"आपल्याला गोंदियाच्या छोट्या गाडीनं नागपूरला जायला याच्याहून जास्त लागते."

"छोटी गाडी वाटेत चहा पिते," अंबादास म्हणाले. ते क्वचितच विनोद करत. आज केला, कारण श्रीरंगची तार सकाळीच आली होती. सोमवारी, सप्टेंबरच्या सहा तारखेला, दुपारी एकला तो तिकडून निघणार होता. जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे आपल्याकडे साडेपाच. साडेपाचात साडेनऊ मिळवले की पहाटे तीनला मुंबई. मंगळवारी रात्रीचा मेल धरला की बुधवारी दुपारी जबलपूर. अंबादासांनी हे सगळं आकड्याखाली नीट मांडलं आणि फ्रँकफर्टपासून मुंबईपर्यंत पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली.

"झालं तुमचं?" त्यांची बायको राधाबाई आतून म्हणाल्या. "पोरगा आठ महिन्यांनी येऊन राहिला आणि याईचं आपलं सूत सूत चाललं आहे."

सूत सूत का नाही चालणार? जबलपूरच्या फौजी गाड्यांच्या कारखान्यात अंबादासांची तेहेतीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये गेली होती. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे हे मिस्त्री. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवायचा. किती मोठा, ते हातात मुरलेलं असायचं. त्यापलीकडे अर्ध्या सुताचीही माफी नव्हती. प्रत्येक नमुन्याबरोबर एक कार्ड जायचं आणि त्यावर दोन सह्या असायच्या, एक बनवणाऱ्याची, दुसरी तपासून पास करणाऱ्याची. माल चुकला तर त्याच्यावर लाल पेन्सिलीची फुली पडे आणि दोघांनाही साहेबासमोर उभं राहावं लागे. तेहेतीस वर्षांत अंबादासांच्या कार्डावर फुली पडली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, राधाबाई सांगत, आणि वर म्हणत, "म्हणून तर घरात भाजीचे तुकडेही मोजून राहतात."

श्रीरंग त्याच कारखान्यात लागला, पण लाकडाच्या नव्हे, मोटारींच्या कामावर. म्हणून सरकारने त्याला शिकायला जर्मनीला पाठवलं. जाताना बेबी तीन महिन्यांची होती. आता ती भिंत धरून चालत होती आणि दिसेल त्या पुरुषाला, दूधवाल्यालाही, बाबा म्हणत होती.

सोमवारी दुपारी शेजारच्या शकुने कुंपणावरून हाक मारली. शकुचा नवरा मोहन कारखान्यातच होता, आणि त्यांच्याकडे रेडिओ होता. लाहोरच्या बाजूला आपली फौज सरहद्द ओलांडून गेली होती. आता लढाई काश्मीरपुरती उरली नव्हती.

अंजनी घरात आली ती थेट ॲटलसकडे गेली. मामाजींची, सासऱ्यांची, रेघ तिने बोटाने धरली. तुर्कस्तान, इराण, मग समुद्राच्या काठाकाठाने खाली. आणि मुंबईच्या अलीकडे, पाऊण इंचावर, एका ठिपक्याला अगदी खेटून गेलेली. ठिपक्याजवळचं नाव तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मामाजी, हे विमान तर कराचीवरून येते."

अंबादास चष्मा शोधत आले. त्यांनी पाहिलं. रेघ त्यांचीच होती, आणि सरळ होती.

"अजून ते निघायचे आहेत," अंजनी म्हणाली. "तिकडे आता सकाळ आहे. तार करून थांबवता येते काय?"

"तार जायलाच दीड दिवस लागते, सूनबाई. आणि आता तर फौजेच्या तारा आधी जातील."

घड्याळात साडेपाच वाजले तेव्हा घरातले तिघेही घड्याळाकडे पाहत नव्हते, आणि तिघांनाही साडेपाच वाजल्याचं कळलं. कारखान्याचा भोंगा त्या दिवशी वाजला नाही. विमानहल्ल्याच्या इशाऱ्याशी गल्लत नको म्हणून तो बंद केला होता. वर्षानुवर्षं ज्या भोंग्यावर वस्तीतली चूल पेटायची आणि विझायची, तो एकाएकी मुका झाला. खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटले. मैदानात खंदक खणले गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांत कुत्र्यांनी संसार मांडला. वस्तीतली माणसं बारा-बारा तास पाळीवर जाऊ लागली.

बुधवारी तिघं बेबीला घेऊन स्टेशनावर गेली. मेल सव्वादोन तास उशिरा आला. खाकी गणवेशातली माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, एक नवी नवरी उतरली. अंबादास एकेका डब्यापाशी जाऊन आत वाकून पाहत होते. गाडी सुटली तरी ते फलाटाच्या टोकाला उभे होते. मग परत आले आणि म्हणाले, "मुंबईत जागा नसेल मिळाली. उद्या येते."

गुरुवारी अनंत चतुर्दशी. घरच्या गणपतीचं विसर्जन श्रीरंगच्या हातून व्हावं म्हणून दहा दिवस ठेवला होता. संध्याकाळी उजेड करायला बंदी, म्हणून लोक दुपारच्या उन्हातच ग्वारीघाटाला निघाले. ढोल नाही, दिवे नाहीत. राधाबाई म्हणाल्या, "मेल येऊन जाऊ द्या, मग निघू." मेल आला, पण श्रीरंग नव्हता. शेवटी अंबादासांनीच नर्मदेत कमरेपर्यंत उतरून मूर्ती सोडली. वर येताना त्यांचा पाय घसरला, आणि त्यांना धरायला पुढे झालेल्या अंजनीला पहिल्यांदाच जाणवलं की मामाजींचा हात हलका झाला आहे.

घरी आल्यावर तिने शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. "मामाजी, विमान कराची टाळून येईल ना? दुसरीकडून?"

"येईल. यावंच लागेल."

"मग तो रस्ता मोजा ना. वाकडा असेल तर कंपासानं नाही जमायचं. हा दोरा घ्या."

अंबादासांनी दोरा घेतला. फ्रँकफर्टवर बोट ठेवलं, दोरा कैरोपर्यंत खाली आणला, तिथून लाल समुद्रावरून एडन, एडनहून आडवा मुंबई. चिमटीत धरून पट्टीवर ताणला. अंजनी त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

"बावन्न."

"म्हणजे?"

"दहा सूत जास्त. हजार मैल." ते थांबले. त्यांना उत्तर कळलं होतं, आणि ते सांगायचं नव्हतं. पण माप विचारल्यावर चुकीचं सांगायची सवय नव्हती. "दोन तास जास्त."

दोन तास. श्रीरंगला उशीर झाला होता एका दिवसाचा.  अंजनीने दोरा रिळावर पुन्हा गुंडाळला.

"तुम्हाले एखादी गोष्ट बरी करून सांगता येत नाही काय?" ती आत गेल्यावर राधाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मी काय करू? बावन्न भरलं."

"तेच म्हणते मी. काहून भरलं?"

शुक्रवारी दुपारी मेल येऊन गेला. सायकलवरून शालिग्राम डाकिया आला तो घंटी न वाजवताच पुढे निघाला. दाराशी उभ्या असलेल्या अंजनीला पाहून त्याला थांबावं लागलं. "बहूजी, आपकी तार होती तो मैं सबसे पहले इधर ही आता. बाहर की तार सब रुक-रुक के आ रही है. कोई दफ्तर है, वहाँ पढ़ते हैं पहले."

"कितने दिन पढ़ते हैं, भैया?"

"अब फौज के काम में कौन पूछे."

अंजनी आत आली. अंबादास पाटावर बसून मुगाची डाळ निवडत होते. निवृत्त झाल्यापासून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. ती त्यांच्यासमोर खाली बसली. सासऱ्यासमोर अशी ती कधी बसत नसे.

"मामाजी, एक सांगायचं आहे. आत्याबाईंना नका सांगू."

त्यांचे हात थांबले.

"त्यांचं विमान तेरा तारखेचं होतं. पुढच्या सोमवारचं. मी जुलैत पत्र लिहिलं. बेबी चालायला लागली, गणपती तुमच्या हातूनच बोळवायचा आहे, तर लवकर या. म्हणून त्यांनी बदलून सहाचं घेतलं." ती ताटातल्या डाळीकडे पाहत होती. "नसतं लिहिलं तर ते अजून तिकडेच राहिले असते. मीच त्यांना त्या विमानात बसवलं."

स्वयंपाकघरात राधाबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बाहेर बेबी कोणाला तरी बाबा म्हणत होती.

अंबादास उठले. त्यांनी हात धुतले, पुसले, ॲटलस काढला, आणि म्हणाले, "दोरा आण."

तिने रीळ आणलं. ते नकाशावर खूप वेळ वाकून होते. मग म्हणाले, "काल मी एक गोष्ट धरली नाही. एडनपासून आडवं यायचं म्हणजे अरबी समुद्र. तिथं त्यांची जहाजं फिरत असतील. सवारीचं विमान त्या बाजूने कोणी नेणार नाही. ते आफ्रिकेतून खाली जाईल. हे पाहा, कैरो, मग नैरोबी. तिथून मुंबई."

दोरा कागदावर मोठं वळण घेऊन गेला. त्यांनी तो पट्टीवर ठेवला. पट्टीवर वाकले तेव्हा त्यांची पाठ अंजनीकडे होती.

"नव्वद," ते म्हणाले.

"नव्वद?"

"नऊ हजार मैल. आणि लढाईच्या दिवसांत ही विमानं अंधारात उडत नाहीत. दिवसा थोडं जातात, सूर्य बुडाला की मुक्काम करतात. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना कळलं आहे, त्यांनीच सांगितलं मला सकाळी. मुक्काम जितके, तितके दिवस वाढतात." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि बावन्नच्या खाली लिहिलं: ९०. "सोमवारपर्यंत येते तो."

मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "आणि पत्रात लिहिलं त्यात काही चूक नाही. बापानं पोरीचं चालणं पाहावं, असं कोणीही लिहील."

त्या दिवशी अंजनी पोटभर जेवली.

शनिवारी पितृपक्ष लागला. राधाबाईंना हे दिवस आधीच सोसत नसत. पिंपळावर कावळा ओरडला की त्या हातातलं काम टाकून बाहेर येत आणि त्याला हाकलत. मग आपण कावळ्याला हाकललं म्हणून पुन्हा घाबरत आणि त्याला पोळीचा तुकडा टाकत. अंबादास रोज सकाळी सायकल घेऊन कारखान्यात जात आणि अकराच्या सुमारास परत येत.

"काय म्हणाले साहेब?" अंजनी पाण्याचा तांब्या देताना विचारी.

"सगळं ठीक आहे म्हणाले. विमान मुक्कामाला होतं काल."

"कुठं?"

"ते नाही सांगत. लढाईची गोष्ट आहे."

रविवारी कपडे वाळत घालताना शकुने कुंपणापाशी येऊन आवाज उतरवला. "अंजनी, वाईट नको मानू. तुझ्या मामाजींना म्हण, उन्हात नका बसत जाऊ."

"कोणत्या उन्हात?"

"अगं, गेटासमोरच्या निंबाखाली बसून राहतात ना रोज. आमचे हे सांगत होते. आता गेटावर डबल पहारा आहे, रिटायर माणसाला आत कोण जाऊ देते? पहिल्या दिवशी पहारेकऱ्यानं विचारलं, चाचा, पास है? यांच्याकडे कुठला पास? तेहेतीस वर्षं त्या गेटातून गेले, ना, आणि तो कालचा पोरगा पास मागून राहिला. तेव्हापासून बाहेरच बसतात. दोन तास बसतात आणि येतात घरी."

अंजनीच्या हातातलं बेबीचं झबलं तसंच पिळलेलं राहिलं.

"अच्छा," ती म्हणाली. "सांगते मी त्यांना."

दुपारी सासू-सासरे पडलेले असताना तिने ॲटलस काढला. फ्रँकफर्ट, कैरो, नैरोबी, मुंबई. तिने दोरा सैल सोडून पाहिला, घट्ट धरून पाहिला. अडुसष्ट. तीन वेळा अडुसष्ट भरलं. नव्वद भरायला दोरा पार आफ्रिकेच्या टोकाकडे न्यावा लागत होता, आणि तरीही सगळा हिशोब सोळा-सतरा तासांच्या वर जात नव्हता. मधल्या मुक्कामांची गोष्ट ज्या साहेबांनी सांगितली म्हणे, ते साहेब मामाजींना भेटलेच नव्हते.

 आतापर्यंत त्या नव्वदच्या आकड्यात श्रीरंग कुठेतरी उडत होता. उतरत होता, जेवत होता, पुन्हा उडत होता. आकडा खोटा, म्हणजे तो आता कुठेच नव्हता.

आणि मग तिला मामाजींची पाठ आठवली, पट्टीवर वाकलेली. अर्ध्या सुतासाठी नमुना परत पाठवणारा माणूस. बावीस सूत. ते त्यांनी कुठून आणले असतील, आणि आणताना त्यांना किती जड गेलं असेल?

तिने ॲटलस होता तसा ठेवून दिला.

सोमवार आला. सकाळी अंबादास कारखान्याकडे गेले नाहीत. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि बाराच्या आधीच स्टेशनाकडे निघाले. बरोबर कोणालाही नको म्हणाले. अंजनीने वरण-भात झाकून ठेवला. दोन वाजले, तीन वाजले. राधाबाई देवापुढे बसल्या त्या उठल्याच नाहीत. पावणेपाचला फाटक वाजलं. अंबादास एकटेच सायकल ढकलत येत होते.

ते ओट्यावर बसले. चपला काढल्या नाहीत. अंजनीने पाणी आणलं, ते घेतलं नाही.

"सोमवार म्हणालो होतो मी," ते म्हणाले.

"हो."

"आता..." त्यांनी हात उघडून दाखवले. मोठे, सुताराचे, डाव्या अंगठ्याला जुना व्रण असलेले हात. त्यांत काही नव्हतं. नव्वदच्या पुढे त्यांच्याकडे दोरा उरला नव्हता. आतल्या खोलीत राधाबाईंचा जप थांबला. त्या ऐकत होत्या.

अंजनी घरात गेली आणि ॲटलस, पट्टी, रीळ घेऊन बाहेर आली. त्यांच्या शेजारी ओट्यावर नकाशा पसरला.

"मामाजी, तुम्ही शुक्रवारी घाई केली," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "एक मुक्काम कमी धरला. हे नैरोबी आहे ना, इथून एकदम मुंबई नाही जमायची. एवढा समुद्र. तेल पुरेल काय? मधात कुठं तरी थांबावंच लागेल. हे बेट पाहा, इथं." तिने बोट ठेवलं. ते कोणतं बेट होतं हे तिला वाचायलाही आलं नव्हतं. "इथं एक दिवस थांबले असतील. मग मुंबईत जागा मिळायला एक दिवस. तुम्हीच म्हणाला होता, जागा मिळत नाही."

तिने दोरा त्या बेटावरून फिरवला आणि पट्टीवर धरला. "सत्त्याण्णव," ती म्हणाली.

अंबादासांनी पट्टीकडे पाहिलं. त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता, आणि दोऱ्याचं टोक कुठे संपतं ते इतक्या जवळून त्यांना दिसत नाही, असं नव्हतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. 

"सत्त्याण्णव," ते म्हणाले. खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली. तिने समासात लिहिलं.

"बुधवार म्हणजे," आतून राधाबाई म्हणाल्या.

"बुधवार, आत्याबाई."

"मग डाळ भिजत घालते उद्या. त्याला वडे आवडतात. पक्षात वडे करावेच लागतात, कोणासाठी केले हे कावळ्याला सांगायचं काही कारण नाही."

मग अंबादास पाणी प्यायले.

बुधवारी दुपारी स्टेशनावर कोणी गेलं नाही. का, ते कोणी कोणाला विचारलं नाही. बारा वाजून गेले. वडे तळून झाले होते, पण पानं मांडायला कोणी उठत नव्हतं. अंजनी ओट्यावर बेबीचे केस विंचरत होती, आणि विंचरून झालेले केस पुन्हा विंचरत होती. साडेतीनला फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. बेबीने मान वर केली आणि सवयीने म्हणाली, "बाबा."

रिक्षातून एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस उतरला. अंगात गरम कोट, सप्टेंबरच्या उकाड्यात. तो रिक्षावाल्याला पैसे द्यायला खिसे चाचपत होता आणि खिशातून भलत्याच देशांची नाणी निघत होती. "भैया, रुको जरा," तो म्हणाला, आणि मग ओट्याकडे वळून, "बाबा, दीड रुपया आहे काय तुमच्याजवळ?"

राधाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दारातच बसकण मारली. अंजनी उभी राहिली ती उभीच राहिली. बेबी मात्र भिंत सोडून चार पावलं पुढे गेली, आणि पाचव्या पावलाला पडली.

चहा झाला, अंघोळ झाली, मग श्रीरंग वडे खाता खाता सांगू लागला. विमान सोमवारी वेळेवर निघालं. बैरुतला उतरलं आणि तिथेच अडकलं. पुढचा रस्ता बंद. सगळ्यांना एका हॉटेलात ठेवलं, आज जाऊ उद्या जाऊ करत सात दिवस. "पहिल्याच दिवशी मी तार केली. खुशाल आहे म्हणून. मिळाली ना?"

 राधाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक वडा वाढला.

"मग दुसऱ्या विमानाने एडन, एडनहून मुंबई. काल सकाळी उतरलो."

"एडनहून आडवा?" अंबादासांनी विचारलं.

"हो, समुद्रावरून. का?"

"हवेत किती तास होता एकूण?"

श्रीरंगने बोटं मोजली. "साडेतीन, मग तीन, मग साडेतीन. दहा, आणि वर थोडे."

अंबादासांनी मान हलवली. साडेपाचशेने दहाला गुणायला त्यांना कागद लागला नाही. बावन्न सुतांना साडेनऊ तास. ओढाताणीत थोडं इकडेतिकडे. बरोबर होतं. दोऱ्याचं पहिलं माप बरोबर होतं.

शुक्रवारी शालिग्रामने फाटकाशी घंटी वाजवली. श्रीरंगची बैरुतहून आलेली तार श्रीरंगनेच सही करून घेतली. शालिग्रामने तारेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबूजी, आप तो तार से तेज निकले." श्रीरंग हसला आणि बेबीला खांद्यावर घेऊन मोहनला तार दाखवायला शेजारी गेला.

अंबादासांनी ॲटलस काढला. ओट्यावर बसून पान उघडलं. समासात चार आकडे एकाखाली एक होते, बेचाळीस, बावन्न, नव्वद, सत्त्याण्णव. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. निवृत्त होताना शॉपमधून आणलेली ही एकच वस्तू, बोटभर उरलेली. नव्वदवर त्यांनी फुली मारली, पॅटर्न शॉपमध्ये मारत तशी, टोकापासून टोकापर्यंत. आणि तिच्याखाली बनवणाऱ्याच्या जागी सही केली, अं. पिं.

अंजनी तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून ती आली आणि मागे उभी राहिली.

"मला माहीत होतं, मामाजी," ती म्हणाली. "रविवारीच मोजलं मी. अडुसष्ट होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्हीच तर सांगता, लोखंड थंड होताना आखडते म्हणून. माप थोडं मोठं ठेवावंच लागते."

"थोडं," अंबादास म्हणाले. "बावीस सूत नाही."

त्यांनी लाल पेन्सिल तिच्यापुढे धरली. अंजनीने पदराला हात पुसले, खाली बसली, सत्त्याण्णववर फुली मारली आणि तिच्याखाली आपली सही केली. मग ती वर नव्वदपाशी गेली. तिथे दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती, तपासून पास करणाऱ्याची. तिथेही तिने सही केली.